यंत्र डोळ्यात आणि कंपनी बंद, मग फोन कोणाला करायचा? कृत्रिम दृष्टीचं काम करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
कृत्रिम दृष्टीची इम्प्लांट (म्हणजे डोळ्यात किंवा मेंदूत बसवायची यंत्रं) बनवणाऱ्या कंपन्या, त्यात पैसा घालणारे गुंतवणूकदार, ती बसवणारे सर्जन आणि माणसांवर चाचणी करायला परवानगी देणाऱ्या सगळ्या समित्या

नमस्कार,

मला आरपी आहे, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) खराब होऊन हळूहळू नजर जाणारा आजार. हे पत्र स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून टाइप करतेय, ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

डोळ्यातल्या इम्प्लांटच्या एका चाचणीसाठी मी नाव दिलं होतं आणि त्यातून मला वगळलं. गेल्या आठवड्यात मला कळलं की तिचा पुढचा टप्पा सुरू होतोय. नवीन लोक घेतायत आणि संमतीपत्र तेच आहे. मी ज्या वाक्यावर बोट ठेवलं होतं (कुठलं ते पुढे सांगते) ते वाक्यही जसंच्या तसं आहे. म्हणून आता उघडपणे लिहितेय. त्या टीमचं नाव घेणार नाही, कारण हा एका टीमशी भांडायचा विषय नाही, जे म्हणायचंय ते तुम्हा सगळ्यांनाच लागू पडतं.

आधी माझं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. लहानपणी दिवे लागायच्या वेळेला मी धडपडायचे आणि सगळ्यांना वाटायचं पोरगी वेंधळी आहे, लक्ष देत नाही. तो रातांधळेपणा होता हे कळायला बरीच वर्षं गेली. मग बाजूचं दिसेनासं झालं, समोरचं दिसायचं पण नळीतून बघावं तसं, म्हणजे ताईचा चेहरा दिसायचा आणि तिने माझ्यासाठी पुढे केलेला हात दिसायचा नाही, आणि ती बिचारी हात तसाच धरून उभी. ती नळी दरवर्षी थोडी थोडी अरुंद होत गेली. आता उजेड आहे की नाही एवढं कळतं, खोलीत खिडकी कुठल्या बाजूला आहे ते सांगू शकते. पांढरी काठी घेऊन मी एकटी फिरते, नोकरी करते, माझं बरं चाललंय. हे मुद्दाम सांगतेय कारण आमच्याबद्दल बोलताना तुमच्या व्हिडिओत कायम अंधार आणि दुःखी संगीत असतं.

आता माझ्या आजाराचं आणि तुमच्या कामाचं नातं. आरपीमध्ये प्रकाश पकडणाऱ्या पेशी मरतात पण त्यांच्या मागच्या, मेंदूकडे निरोप पोचवणाऱ्या पेशी बऱ्याच प्रमाणात जिवंत राहतात. तुमचं रेटिनावरचं सगळं काम त्या उरलेल्या पेशींवर उभं आहे. बहुतेक यंत्रांत चष्म्यातल्या कॅमेऱ्याने चित्र घ्यायचं, कमरेला लावलेल्या प्रोसेसरने त्याचे विजेचे बारीक बारीक ठोके बनवायचे आणि इलेक्ट्रोडमधून, म्हणजे धातूच्या बारीक टोकांमधून, ते त्या पेशींना द्यायचे. ज्यांची डोळ्याची नसच गेली आहे त्यांच्यासाठी डोळा सोडून थेट मेंदूच्या मागच्या भागात इलेक्ट्रोड बसवायचे. हे सगळं मी गेली कितीतरी वर्षं वाचत आलेय, ब्रिंडली आणि लेविन या इंग्लंडमधल्या संशोधकांनी एका अंध बाईच्या मेंदूवर ८० इलेक्ट्रोड बसवल्याचं १९६८ साली छापून आलं तिथपासूनचं. स्पेनमध्ये एल्चे इथल्या एदुआर्दो फर्नांदेझ यांच्या टीमने सोळा वर्षं काहीच न दिसणाऱ्या एका शिक्षिकेच्या मेंदूत ९६ इलेक्ट्रोडचा तुकडा सहा महिने ठेवला आणि तिला काही अक्षरं ओळखता आली, ते २०२१ मध्ये छापून आलं त्या रात्री मला झोप आली नव्हती. तेव्हा मी तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. मला हे हवंय. खूप हवंय. म्हणून तर नाव दिलं होतं.

झालं असं की तपासण्या झाल्या, मी निकषात बसले, सगळे आनंदात होते, मी पण. मग संमतीपत्र आलं. अंध माणसासाठीच्या चाचणीचं संमतीपत्र आणि ते स्कॅन केलेलं, म्हणजे पानांचे फोटो. स्क्रीन रीडर काय वाचणार त्यात? मी टेक्स्टमध्ये मागितलं तर म्हणाले घरच्या कोणाकडून तरी वाचून घ्या. माझ्या कवटीत, माझ्या डोळ्यात काय जाणार आहे आणि काय काय बिघडू शकतं ते मी दुसऱ्याच्या आवाजात, त्याला वेळ असेल तेव्हा ऐकायचं. शेवटी भाचीने दोन संध्याकाळी बसून वाचून दाखवलं. ऑपरेशनचे धोके, जंतुसंसर्ग, सगळं व्यवस्थित लिहिलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. आणि मग एक वाक्य आलं की प्रायोजक कंपनी कोणत्याही वेळी कोणत्याही कारणाने अभ्यास थांबवू शकते. मी भाचीला म्हटलं पुढे वाच. ती म्हणाली मावशी पुढे काही नाहीये, पुढे सहीची जागा आहे.

मी तीन प्रश्न लिहून पाठवले. अभ्यास थांबला तर माझ्या डोळ्यातल्या यंत्राचं काय? बाहेरचा चष्मा, प्रोसेसर, वायर मोडली तर सुटे भाग कोण देणार? आणि काढून टाकायची वेळ आली तर ते ऑपरेशन कोण करणार आणि त्याचा खर्च कोणाचा? पहिल्या मेलला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की सध्या अशी तरतूद नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर आलं की तुमच्या उत्सुकतेबद्दल आभार, आम्ही दुसऱ्या उमेदवारांना घ्यायचं ठरवलं आहे. प्रश्न विचारल्यामुळेच मला काढलं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण उत्तर मिळालं नाही ते नाहीच.

कोणी म्हणेल की बाई उगाच शंका काढतेय, कंपनी कशाला बंद पडेल. तर हा इतिहास तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी इतर वाचणाऱ्यांसाठी लिहिते.

सेकंड साइट नावाची अमेरिकन कंपनी होती, तिचं आर्गस टू हे इम्प्लांट. युरोपात २०११ ला आणि अमेरिकेत फेब्रुवारी २०१३ ला परवानगी मिळाली, जगभर साडेतीनशेच्या आसपास लोकांना ते बसवलं. २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं, २०२० मध्ये बहुतेक कर्मचारी काढून टाकले, आणि ज्यांच्या डोळ्यात ते यंत्र होतं त्यातल्या अनेकांना हे कंपनीकडून कळलंच नाही, इकडून तिकडून कानावर आलं. २०२२ ला यावर मोठा रिपोर्ट आला तेव्हा जगाला समजलं. त्यात न्यूयॉर्कच्या एका बाईंचं सांगितलंय. त्या सबवे स्टेशनात गर्दीच्या वेळी गाडी बदलायला चालल्या होत्या आणि बीप बीप असा आवाज येऊन त्यांचं यंत्र बंद पडलं. चार वर्षं वापरलेलं. पुन्हा कधी चालू झालंच नाही. आणखी एकांना मेंदूचा एमआरआय करायचा होता, डोळ्यात यंत्र असताना तो कसा करायचा याची माहिती कंपनीकडून हवी होती, आणि कंपनीकडून उत्तरच येईना. हे वाचताना माझ्या हाताला घाम फुटला होता कारण तिथे मी असू शकले असते.

आणि हे एकच उदाहरण असतं तर मी गप्प बसले असते. जर्मनीची रेटिना इम्प्लांट कंपनी, जिच्या चिपवर दीड हजारांच्या वर प्रकाश टिपणारे ठिपके होते, ती २०१९ ला बंद झाली. फ्रान्सची पिक्सियम व्हिजन दिवाळखोरीत गेली, तिचं प्रिमा हे इम्प्लांट २०२४ ला दुसऱ्या कंपनीने विकत घेतलं म्हणून वाचलं. त्याच्याही आधी विल्यम डोबेल या अमेरिकन संशोधकाने पोर्तुगालमध्ये काही लोकांच्या मेंदूवर इलेक्ट्रोड बसवले होते, २००४ मध्ये ते वारले आणि त्या लोकांना सपोर्ट देणारी यंत्रणाच राहिली नाही. म्हणजे तुमच्या क्षेत्रात कंपनी बंद पडणं हा अपघात म्हणता येत नाही, ते नेहमीचं झालंय, आणि तरीही २०२० नंतरच्या जगात नवीन माणसापुढे ठेवलेल्या कागदावर त्याबद्दल एक ओळ नसते. याला मी निष्काळजीपणा म्हणते. त्यापेक्षा कडक शब्द मला वापरायचा नाही.

मोबाइल कंपनी बुडाली तर आपण दुसरा मोबाइल घेतो. डोळ्यातलं यंत्र तसं उचलून बाजूला ठेवता येत नाही. ते काढायला परत भूल, परत ऑपरेशन, परत धोका. त्यामुळे बरेच जण बंद पडलेलं यंत्र तसंच घेऊन जगतात आणि प्रत्येक नवीन डॉक्टरला पहिल्यापासून समजावत बसतात की माझ्या डोळ्यात धातू आहे, कुठला आहे माहीत नाही, बनवणारे आता फोन उचलत नाहीत.

आता दुसरी तक्रार, आणि ही माझ्या जास्त जिव्हाळ्याची आहे, म्हणजे चालण्याफिरण्याची. तुम्ही पैसे उभे करताना, परवानगी मागताना, प्रत्येक ठिकाणी लिहिता की याने अंध व्यक्तींना स्वतंत्रपणे फिरता येईल. मग मोजता काय? आर्गस टूच्या मुख्य चाचणीत तीस लोक होते. चालण्याच्या दोन परीक्षा होत्या, खोलीच्या पलीकडचं दार शोधा आणि जमिनीवरच्या पांढऱ्या पट्टीवरून चाला. यंत्र चालू असताना लोकांना ते बंद असतानापेक्षा चांगलं जमलं, हे खरं आहे आणि मला त्याचं मोल आहे. पण मला सांगा, रस्त्यावर माझ्यासाठी पांढरी पट्टी कोण आखून ठेवतं?

काठी घेऊन चालणाऱ्याला जमिनीवरचं बरंच कळतं. लांब काठीचं जे तंत्र आम्ही शिकतो ते दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी रिचर्ड हूवर यांनी बसवलं आणि आजही त्याला तोड नाही. पायरी, कडा, खड्डा, खांबाचा बुंधा, सगळं काठीच्या टोकाला कळतं. काठीला काय कळत नाही? कमरेच्या वरचं. झाडाची आडवी आलेली फांदी, उघडी राहिलेली खिडकीची झडप, ट्रकच्या मागून बाहेर आलेली सळई, अर्धवट जिना ज्याच्या खालून काठी सरळ निघून जाते आणि कपाळ आपटतं. माझ्या कपाळावर दोन खुणा आहेत, दोन्ही अशाच. आणखी एक, मोकळी मोठी जागा. आजूबाजूला भिंत नाही, कडा नाही, अशा जागेत सरळ रेषेत चालणं किती अवघड असतं ते कधीतरी डोळे बांधून बघा. आणि तिसरं, समोर उभी असलेली माणसं. रांग कुठे संपते, पुढचा माणूस सरकला का, बाकावर कोणी बसलंय का. बघा, या तीन गोष्टींत जरी इम्प्लांटने मदत केली ना, तरी माझ्यासारखी बाई आयुष्यभर दुवा देईल. पण हे तुमच्या निकालांच्या तक्त्यात शोधून शोधून सापडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या टीमने ४४ इलेक्ट्रोडचं इम्प्लांट चार जणांना बसवून ते घरी आणि घराबाहेर वापरायला दिलं, अडथळे ओळखता येतात का ते पाहिलं. म्हणजे ठरवलं तर करता येतं.

याच मुद्द्यात अजून एक, दिसतं काय ते खरं सांगत जा. डोक्याला मार बसला की डोळ्यासमोर काजवे चमकतात म्हणतात ना, इलेक्ट्रोडने दिसतं ते त्या जातीचं असतं, उजेडाचे ठिपके, शास्त्रात त्याला फॉस्फीन म्हणतात. आर्गस टूमध्ये ६० इलेक्ट्रोड होते, म्हणजे जास्तीत जास्त तेवढे काजवे, आणि तेही सगळे एकसारखे गोल नाहीत, काही लांबट, काही एकमेकांत मिसळलेले. नजरेचा आवाका साधारण २० अंश, हात लांब करून वीत पसरली की जेवढी जागा झाकली जाते जवळपास तेवढाच. आणि कॅमेरा चष्म्यावर असल्यामुळे बुबुळ फिरवून उपयोग नाही, मान फिरवायची, सतत, इकडून तिकडे, आणि मेंदूत तुकडे जोडत जायचं. चालता चालता, एका हातात काठी, कानात रहदारीचा आवाज. यातल्या सगळ्यात चांगल्या रुग्णाची नजर २०/१२६० मोजली गेली, म्हणजे चांगल्या नजरेच्या माणसाला जे १२६० फुटांवरून दिसतं ते त्याला २० फुटांवरून, आणि २०/२०० ला आधीच कायद्याने अंध म्हणतात बऱ्याच ठिकाणी. हे शिकायला महिनोन् महिने सराव लागतो, शिकवणारा माणूस लागतो. मला हे सगळं चालेल! काजवे तर काजवे, मी त्यांच्यावरून फांदी ओळखायला शिकेन. फक्त आधी सांगा की काजवे आहेत.

कारण न सांगितल्याने काय होतं ते घरात भोगावं लागतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रिमाचा निकाल आला तेव्हा एका दिवसात मला अकरा जणांनी बातमी पाठवली, अंधांना दृष्टी परत मिळाली म्हणून. दादाने फोन केला तेव्हा त्याचा आवाज भरून आला होता. त्याला मला समजावून सांगावं लागलं की दादा, हे वयामुळे मॅक्युला, म्हणजे रेटिनाचा मधला भाग, झिजलेल्या लोकांसाठी आहे, ज्यांना मधलं दिसत नाही पण कडेचं दिसतं, त्यात ३८ लोकांना चिप बसवली, वर्षभराने ३२ जण तपासले आणि त्यातल्या २६ जणांची अक्षरं वाचायची ताकद चांगली वाढली, हे खरोखर मोठं काम आहे, १९ जणांना मिळून २६ गंभीर त्रासही झाले आणि त्यातले बहुतेक ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन महिन्यांतले होते, पण ते वाचायसाठी आहे रे, माझ्या आजारासाठी नाही, आणि रस्ता ओलांडायला तर नाहीच. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, मग बातमीत असं का लिहितात? हा प्रश्न मी तुमच्याकडे पाठवतेय. पेपरवाले लिहितात हे उत्तर मला नको, प्रेसनोट तुमच्या ऑफिसातून निघते.

असल्या बातम्यांचा अजून एक परिणाम होतो, तो लवकर लक्षात येत नाही. नुकतीच नजर गेलेला माणूस काठी हातात घ्यायला तयार होत नाही. घरचे म्हणतात थांब, दोन वर्षांत चिप येतेय, कशाला लोकांसमोर काठी घेऊन फिरतोस. मी स्वतः अशी साडेतीन वर्षं घालवली. त्या वर्षांत मी घरात बसून होते, बाहेर जायचं तर कोणाचा तरी दंड धरून. काठी घेतली आणि मोबिलिटी ट्रेनिंग, म्हणजे काठी घेऊन एकटीने फिरायचं शिक्षण, केलं तेव्हा सहा आठवड्यांत मी एकटी कामावर जायला लागले. ती साडेतीन वर्षं मला कोण परत देणार? इम्प्लांट आलं तरी काठी सुटत नाही, आतापर्यंतच्या कुठल्याच इम्प्लांटने ती सुटलेली नाही, हे वाक्य तुमच्या प्रत्येक पत्रकात ठळक अक्षरात हवं.

समित्यांना वेगळं सांगते. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीती सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यात लिहिलंय की चाचणी संपल्यावर भाग घेणाऱ्यांचं पुढे काय याची सोय चाचणीच्या आधी व्हायला हवी. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ चा आहे, त्याच्या कलम २० मध्ये स्वतंत्रपणे फिरण्याचा हक्क आणि त्यासाठीची साधनं परवडणाऱ्या खर्चात मिळण्याबद्दल आहे, आणि कलम ४ मध्ये आमच्याबद्दल निर्णय घेताना आम्हाला विचारा असं आहे. तुमच्या समितीत नेत्रतज्ज्ञ असतात, वकील असतात, आकडेशास्त्राचे लोक असतात. काठी घेऊन चालणारं कोणी असतं का? मी जिथे जिथे विचारलं तिथे उत्तर नाही असंच होतं.

तर माझ्या मागण्या. गुंतागुंतीच्या नाहीत, समजायला दोन मिनिटं पुरतील.

एक. पहिल्या माणसाच्या डोळ्यात किंवा मेंदूत काही बसवायच्या आधी त्या सगळ्या माणसांच्या पुढच्या देखभालीचा आणि यंत्र काढायच्या ऑपरेशनचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा. असं खातं ज्याला कंपनी बुडाली तरी कंपनी ज्यांचं देणं लागते त्यांना हात लावता येणार नाही. पैसे नसतील तर चाचणी सुरू करू नका. समित्यांनो, हे खातं दाखवल्याशिवाय सही करू नका, ही एकच मागणी मान्य झाली तरी अर्धं काम होईल.

दोन. कंपनी बंद होत असेल, विकली जात असेल, किंवा ते मॉडेल बनवणं थांबवणार असेल, तर ज्यांच्या अंगात यंत्र आहे त्यांना सगळ्यात आधी कळवा, शेअर बाजाराच्या आधी. सोबत यंत्राचे आराखडे, सॉफ्टवेअर, प्रोसेसर सेट करायची पद्धत, एमआरआयची माहिती हे सगळं एखाद्या त्रयस्थ संस्थेकडे आधीपासून जमा असू द्या, म्हणजे दुसऱ्या इंजिनिअरला दुरुस्ती करता येईल. तुमचं व्यापारी गुपित माझ्या डोळ्यापेक्षा मोठं नाही.

तीन. संमतीपत्र टेक्स्टमध्ये, ब्रेलमध्ये, ऑडिओमध्ये द्या, आणि मी ते एकटीने, माझ्या वेगाने, हवं तितक्या वेळा वाचू शकले पाहिजे. त्यात बंद पडलं तर काय या नावाचं प्रकरण असलं पाहिजे.

चार. फिरता येईल असं लिहायचं असेल तर फिरून दाखवा. काठीसकट. नुसती काठी आणि काठी अधिक इम्प्लांट अशी तुलना करा, खऱ्या रस्त्यावर, डोक्याच्या उंचीचे अडथळे धरून, संध्याकाळी आणि पावसात पण. सोबत मोबिलिटी शिकवणारे लोक घ्या, त्यांना यातलं सगळ्यात जास्त कळतं आणि त्यांनाच कोणी विचारत नाही. ज्यांना काहीच फायदा झाला नाही, ज्यांनी यंत्र कपाटात ठेवून दिलं, त्यांचंही छापा. आर्गस टूच्या तीस जणांपैकी पाच वर्षांत तिघांचं यंत्र काढावं लागलं हे मला कळू शकलं कारण कोणीतरी ते प्रामाणिकपणे छापलं, आणि खरं सांगू, ते वाचून माझा विश्वास वाढला होता.

पाच. समितीत आणि डिझाइनच्या टेबलावर अंध माणसं हवीत, मत द्यायच्या अधिकारासह, मानधनासह. फोटोपुरती नकोत.

जे लोक या पुढच्या टप्प्यात सही करणार आहेत त्यांनाही दोन शब्द, कारण तुमच्यातले काही जण हे ऐकत असतील. मी तुम्हाला थांबा म्हणत नाहीये. तुमच्या जागी मी असते तर माझाही हात पेनाकडे गेला असता, आणि तुमच्यासारख्या लोकांनी धोका पत्करला म्हणून तर हे शास्त्र इथवर आलं. फक्त माझे तीन प्रश्न तुम्हीही विचारा. एकटीला वगळता येतं. सगळ्यांनी विचारलं तर उत्तर द्यावं लागेल.

आणि ज्या टीमने मला वगळलं त्यांना, तुम्ही हे वाचलंत तर. तुमच्यातल्या एका तरुण इंजिनिअरने तपासणीच्या वेळी मला विचारलं होतं की दिसायला लागलं तर पहिल्यांदा काय बघाल. मी म्हटलं होतं की चेहरे वगैरे नको, मला फक्त फूटपाथवरून चालताना फांदी आधी कळायला हवी. तो हसला नाही, त्याने ते लिहून घेतलं. मला अजूनही वाटतं की तुमच्याकडे चांगली माणसं आहेत. माझं नाव तुमच्या यादीत आहे, ते काढू नका. तीन प्रश्नांची उत्तरं पाठवा, पटली तर मी सही करायला येते.

उत्तर स्कॅन करून पाठवू नका. टेक्स्टमध्ये पाठवा, म्हणजे मला स्वतःला वाचता येईल.

तुमची,
पांढरी काठी घेऊन चालणारी एक उमेदवार